कम्युनिटी कॉलेजातून अकाउंटिंग : अडतिसाव्या वर्षी सुरुवात करावी का?

रानजाई | ६ जुलै २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. शाळा मराठी माध्यमाची, बी.कॉम.चे पेपरही मराठीतच लिहिले. २००८ ला पदवी झाली, मग एका पतसंस्थेत पाच वर्षं नोकरी. सुरुवात कॅश काउंटरवर, शेवटी टॅलीवरचा सगळा हिशोब माझ्याकडे होता. ३१ मार्चला रात्री अकरापर्यंत बसून तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळवलेली आहे. २०१५ मध्ये एच-४ वर (नवऱ्यामुळे मिळणारा व्हिसा) कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले, मग मुलगा झाला. आता तो दहा वर्षांचा आहे. माझं ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, आलेलं आहे आणि गेली दोन वर्षं मी त्याच्या शाळेत यार्ड ड्यूटी (मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणं) करते. मुलं गोड आहेत, पण मला माझं काम परत हवं आहे.

जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, फायनान्शियल अकाउंटिंग घ्यावं असं मनात आहे. ओळखीतल्या काही जणी म्हणतात, तिथं शिकून काही होत नाही, थेट सीपीएचा, म्हणजे इथल्या सीएचा, क्लास लाव. नवरा म्हणतो, मास्टर्स कर. मला भीती वेगळीच आहे. 'डेबिट' ऐकलं की मी मनात आधी 'नावे' म्हणते, मग पुढे जाते. इंग्रजीतून पहिल्यापासून शिकायला हे वय योग्य आहे का? आणि तीन वर्षांच्या बी.कॉम.ला इथं किंमत किती?

ज्यांनी केलं आहे त्यांनी खरं सांगा.

एडिसनकर | ६ जुलै

घे. डोळे झाकून घे. बाकीचं जाणकार सांगतीलच.

मोगरा_ऑस्टिन | ६ जुलै

रानजाई, तुझी पोस्ट वाचून मला २०१७ ची मी आठवले. तुझ्याकडे निदान बी.कॉम. आहे. मी मायक्रोबायोलॉजीची, नगरची. अकाउंटिंगचा 'अ' माहीत नव्हता. ४१ व्या वर्षी इथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वर्ग घेतला.

वर्गात कोण होतं सांगू? एक जण एसी दुरुस्तीची स्वतःची गाडी चालवायचा, त्याला बिलं कशी ठेवायची ते शिकायचं होतं. एक बाई सैन्यातून निवृत्त झालेली. हायस्कूलमधली दोन पोरं, कॉलेजचे क्रेडिट आधीच मिळवून ठेवणारी. एक आजोबा, चर्चचे खजिनदार. अडतीस वर्षांची बाई वर्गात आली म्हणून तिथं कोणी मान वळवूनही बघत नाही.

दोन कोर्स झाले तेव्हा एका छोट्या कंपनीत अकाउंट्स पेएबलचं काम मिळालं. परचेस ऑर्डर, माल पोचल्याची पावती आणि बिल, तिन्ही जुळली तरच पैसे सोडायचे. दिवसभर तेच. पण जानेवारीत कंत्राटदारांचे १०९९ (वर्षभरात त्यांना दिलेल्या पैशांचे टॅक्स फॉर्म) पाठवायची वेळ आली आणि अर्ध्या लोकांचे डब्ल्यू-९, म्हणजे टॅक्स नंबरचे फॉर्मच, नाहीत हे माझ्या लक्षात आलं. ते सगळे मी मागवून घेतले. तेव्हापासून मॅनेजर मला विचारून काम करायला लागली. आता मी स्टाफ अकाउंटंट आहे. सीपीए नाही, करायचंही नाही. पगारात घर चालतं आणि माझं डोकं जिवंत आहे.

हिशोबनीस | ७ जुलै

मी कॅलिफोर्नियातला सीपीए, बे एरियातच. या विषयावर अर्धवट माहिती फार फिरते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रानजाई, 'कम्युनिटी कॉलेज की सीपीएचा क्लास' हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. क्लासवाले परीक्षेची तयारी करून घेतात, परीक्षेला बसायची पात्रता देत नाहीत. २०२५ च्या नियमांप्रमाणे आपल्या राज्यात परीक्षेला बसायला बॅचलर्स पदवी, अकाउंटिंगचे २४ सेमिस्टर युनिट (युनिट म्हणजे कोर्सचं क्रेडिट) आणि बिझनेसशी संबंधित २४ युनिट लागतात. त्याच नियमांत लायसन्ससाठी पुढे एकूण १५० युनिट, त्यात अकाउंटिंग स्टडीचे आणखी २० आणि एथिक्सचे १०, शिवाय वर्षभराचा अनुभव. ही युनिट वरच्या वर्गाचीच (पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांची) हवीत असं कॅलिफोर्नियाचं म्हणणं नाही, त्यामुळे कम्युनिटी कॉलेजची चालतात. माझ्या ऑफिसात अशा वाटेनं आलेले लोक आहेत आणि चांगलं काम करतात.

तीन वर्षांच्या पदवीचं असं आहे की आधी शिक्षणाचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. काही संस्था आपलं बी.कॉम. पूर्ण बॅचलर्स धरतात, काही नुसती तीन वर्षं धरतात. राज्याच्या अकाउंटन्सी बोर्डाच्या वेबसाइटवर मान्य संस्थांची यादी आहे, त्यातलीच निवड. विद्यापीठाकडून मार्कशीट बंद पाकिटात मागवायला महिने लागतात, तेव्हा ते काम आजच सुरू कर. तुझ्या पदवीतले अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, सांख्यिकी हे विषय बिझनेसच्या २४ मध्ये बरीच भर घालतील.

आणखी एक. कॉलेज क्वार्टर पद्धतीचं (वर्षाचे तीन टप्पे) आहे की सेमिस्टर (दोन टप्पे), ते बघ. क्वार्टरचे ५ युनिट म्हणजे सेमिस्टरचे साडेतीन सुद्धा नाहीत, ३.३३. माझ्या ओळखीच्या एकीनं २४ क्वार्टर युनिट मोजून अर्ज केला आणि आठ कमी पडले.

कडुनिंब | ७ जुलै

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी सिएटलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. बुककीपिंगचं काम आज बँक फीड (बँकेतून आपोआप येणाऱ्या नोंदी) आणि एआय करतं. पावतीचा फोटो काढला की नोंद झाली. ज्या नोकऱ्यांसाठी रानजाई दोन वर्षं घालवणार, त्या दोन वर्षांनी उरतील का? वयाच्या या टप्प्यावर वेळ फार मोलाचा आहे. त्यापेक्षा मास्टर्स इन अकाउंटिंग किंवा अ‍ॅनालिटिक्स करावं, कॅम्पस रिक्रूटमेंट मिळते.

चिंचगुळ | ७ जुलै

कडुनिंब, मास्टर्सची फी कोण भरणार? कॅलिफोर्नियात रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर आहे. चार युनिटचा विषय म्हणजे १८४ डॉलर. मुलाच्या उन्हाळी शिबिराच्या एका आठवड्याला याहून जास्त जातात! एवढ्यात कळतंय ना, आपल्याला हे जमतंय का, आवडतंय का. नाही आवडलं तर दोनशे डॉलर गेले. मास्टर्स अर्ध्यावर सोडलं तर काय जाईल?

नाचणी | ७ जुलै

ही रहिवाशांची फी एच-४ ला मिळते का? मला कॉलेजात एकानं 'नाही' सांगितलं होतं.

हिशोबनीस | ८ जुलै

नाचणी, मिळते. कॅलिफोर्नियात एच-४ वाल्यांना रहिवासी ठरता येतं. एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्याचे आणि इथंच राहायचा इरादा असल्याचे पुरावे द्यावे लागतात : टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, घराचा करार. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असताना मात्र नाही. खिडकीवरचा माणूस कधी कधी दोन्ही व्हिसा एकाच टोपलीत टाकतो. शांतपणे 'रेसिडेन्सी क्लर्कशी बोलायचं आहे' म्हणायचं. आणि एच-४ वर शिकायला व्हिसा बदलावा लागत नाही, ईएडी नसलं तरी.

कडुनिंब, तुमचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. नोंदी टाकण्याचं काम कमी झालं आहे, मी रोज बघतो. पण परवाचंच उदाहरण सांगतो. एका हॉटेलवाल्यानं छपरासाठी मोठी रक्कम दिली. सॉफ्टवेअरनं ती 'दुरुस्ती खर्च' म्हणून टाकून दिली. खरं तर पूर्ण छप्पर नवं घातलेलं, म्हणजे ती मालमत्ता, तिच्यावर वर्षानुवर्षं घसारा काढायचा. नफा एकदम वेगळा दिसतो, टॅक्स वेगळा होतो. हे बिल बघून 'थांब, हे किती छप्पर होतं?' असा फोन करणारा माणूस लागतोच. पतसंस्थेत पाच वर्षं काढलेल्या बाईला ती नजर असते.

रोजकीर्द | ८ जुलै

मी सांगलीचा, बँकेतून निवृत्त. अमेरिकेतलं मला काही ठाऊक नाही. पण रानजाईबाई, तुमच्या 'नावे' बद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

मनात 'नावे' म्हणता यात काही कमीपणा नाही. आमच्या घरी किराणा दुकान होतं. वडील लाल कापडी बांधणीची वही ठेवायचे, दिवाळीला तिची पूजा व्हायची. त्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. मी अकरावीत गेलो तर पुस्तपालनात डेबिट डावीकडे, क्रेडिट उजवीकडे! घरी येऊन वडिलांना म्हटलं, तुमची वही उलटी आहे. ते म्हणाले, बेरीज उलटी येते का? नाही ना? मग बाजू बदलली म्हणून हिशोब बदलत नाही.

तुम्ही तर भाषा बदलणार आहात, बाजू पण नाही.

मोगरा_ऑस्टिन | ८ जुलै

रोजकीर्द काका, हे वाचून अंगावर काटा आला.

गुलबक्षी | ८ जुलै

एक बाळबोध प्रश्न विचारते, चालेल का? माझ्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पैसे आले की 'क्रेडिट' असतं. अकाउंटिंगमध्ये मात्र रोख आली की डेबिट म्हणतात. मी एकदा यूट्यूबवर शिकायला बसले आणि इथंच अडकून सोडून दिलं.

रोजकीर्द | ८ जुलै

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. तीस वर्षं काउंटरवर हाच ऐकला.

स्टेटमेंट तुमचं नसतं, बँकेच्या वहीतल्या तुमच्या खात्याचा तो उतारा असतो. तुम्ही हजार रुपये भरले की बँक तुमची हजार रुपयांची देणेकरी झाली. देणं वाढलं म्हणून बँकेनं तुमच्या खात्यात जमा लिहिलं. त्याच क्षणी तुमच्या घरच्या वहीत 'बँक' ही तुमची मालमत्ता वाढली, ती नावे. एकच व्यवहार, दोन घरांतून बघितलेला. मराठीत 'जमा' म्हणजे गोळा झालेलं, म्हणून आपल्या माणसाचा गोंधळ जास्त होतो.

गुलबक्षी | ९ जुलै

सहा वर्षांनी कळलं. आता नवऱ्याला समजावून सांगते.

रानजाई | ९ जुलै

इतके प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून खरंच धीर आला. आम्हाला तीन नियम पाठ करायला लावले होते : व्यक्तिगत खातं, वास्तव खातं, नामधारी खातं. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचे जमा. येते ते नावे, जाते ते जमा. खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. इथंही तसंच शिकवतात का?

मोगरा_ऑस्टिन | ९ जुलै

नाही, इथं ते तीन नियम कोणाला माहीत नसतात. इथं पहिल्या दिवशी फळ्यावर एकच समीकरण : मालमत्ता = देणी + मालकाचं भांडवल. मग मालमत्ता आणि खर्च डेबिटनं वाढतात, देणी, भांडवल आणि उत्पन्न क्रेडिटनं. उत्तर दोन्हीकडून तेच येतं. पण एक महिना तरी जुने नियम बाजूला ठेव, दोन्ही एकदम चालवलेस तर परीक्षेत वेळ पुरत नाही.

ताळेबंदात रोख सगळ्यात वर आणि जमीन-इमारत खाली. आपल्याकडे आधी स्थिर मालमत्ता यायची, त्यामुळे सुरुवातीला उलटं वाटेल. ऋणको म्हणजे अकाउंट्स रिसीव्हेबल, धनको म्हणजे पेएबल, अदत्त खर्च म्हणजे अ‍ॅक्रूड. एक वही घेऊन असा तक्ता कर. मला तुझ्यासारखा मराठीतला पाया असता तर किती सोपं गेलं असतं.

पर्वतीकर | १० जुलै

पुण्यातून विचारतो, हे कम्युनिटी कॉलेज म्हणजे नक्की काय? आपल्याकडच्या आयटीआयसारखं?

एडिसनकर | १० जुलै

आयटीआय आणि कॉलेजची पहिली दोन वर्षं एका छताखाली, असं समजा. सरकारी, दोन वर्षांचं, प्रवेशाला टक्केवारीची अट नाही. वेल्डिंग, नर्सिंगही असतं आणि इंजिनिअरिंगची गणितंही. इथं दोन वर्षं करून मग चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. सर्वांत जुनं सरकारी ज्युनियर कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटचं, १९०१ सालचं. कॅलिफोर्नियात तर अशी ११६ आहेत. माझी मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात दोन वर्षं शिकून पुढं रटगर्स विद्यापीठात गेली. आमच्या ग्रुपात तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. आज त्यांच्यातलेच दोघे मला क्रेडिट ट्रान्सफर कसं करायचं ते विचारतात.

पर्वतीकर | १० जुलै

धन्यवाद. माझी बायको इथं सीए इंटरला अडकली आहे आणि अमेरिकन सीपीएचा विचार करते, म्हणून विचारलं. ती परीक्षा आता भारतातूनही देता येते ना?

हिशोबनीस | १० जुलै

हो, २०२० पासून भारतातल्या केंद्रांवर देता येते. जानेवारी २०२४ पासून स्वरूप बदललं आहे : ऑडिट, फायनान्शियल आणि टॅक्सचे तीन पेपर सगळ्यांना, चौथा तीन पर्यायांतून निवडायचा. पास व्हायला ७५. पण प्रत्येक राज्याची पात्रता वेगळी, ती आधी बघा. १५० युनिटची अटही आता सैल होते आहे, कारण या क्षेत्रात येणारी मुलं कमी झाली आहेत. ओहायोनं २०२५ मध्ये कायदा केला की जानेवारी २०२६ पासून बॅचलर्स आणि दोन वर्षांचा अनुभव हीसुद्धा वाट चालेल. कॅलिफोर्नियातही २०२५ मध्ये तशी हालचाल सुरू झाली. जे आज इंटरनेटवर वाचाल ते उद्या जुनं झालेलं असेल, म्हणून बोर्डाची वेबसाइट हाच आधार धरा.

टेक्सासमध्ये मात्र वरच्या पातळीचे कोर्स मागतात. तिथं काही ठरावीक कम्युनिटी कॉलेजांना मान्यता आहे, सगळ्यांना नाही. मोगरा, बरोबर ना?

मोगरा_ऑस्टिन | १० जुलै

बरोबर. म्हणूनच मी त्या वाटेला गेले नाही.

उंबरठा | ११ जुलै

माझ्याकडे ईएडी नाही आणि नजीकच्या काळात यायची शक्यताही नाही. तरीही मी कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग केलं. 'काम करता येत नाही तर शिकून काय उपयोग' हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की शेवटी कोणाला सांगणंच सोडलं.

टॅक्सचा कोर्स केल्यावर आमच्या मॅडमनी व्हीटाबद्दल सांगितलं. आयआरएसचा, म्हणजे इथल्या आयकर खात्याचा, स्वयंसेवेचा उपक्रम आहे, कमी उत्पन्नाच्या लोकांची टॅक्स रिटर्न फुकट भरून देतात. आयआरएसची परीक्षा ऑनलाइन द्यायची, पास झालं की फेब्रुवारी ते एप्रिल लायब्ररीत बसायचं. पगार कोणालाच नसतो, त्यामुळे व्हिसाची अडचण आली नाही. (जिथं एरवी पगार देतात असं काम फुकट करणं वेगळं, ते करू नका.)

मागच्या वर्षी एक आजी आल्या. दोन ठिकाणी साफसफाईचं काम करायच्या. आदल्या वर्षी कोणीतरी पैसे घेऊन त्यांचं रिटर्न भरलं होतं आणि नातू त्यांच्याकडे राहत असून त्याचं नाव घातलं नव्हतं. आम्ही नवं रिटर्न केलं, जुनं दुरुस्त करायला कुठं जायचं ते लिहून दिलं. आजींनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला होता. आठ वर्षांत या देशात माझा कोणालातरी उपयोग झाला असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. उपयोग काय विचारणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे.

चिंचगुळ | ११ जुलै

उंबरठा, तुला घट्ट मिठी.

कोयनाकाठ | १२ जुलै

ईएबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? एन्रोल्ड एजंट. आयआरएसची परवानगी, देशभर चालते, पदवीची अट नाही. तीन पेपर : व्यक्ती, व्यवसाय आणि प्रतिनिधित्वाचे नियम. मी कम्युनिटी कॉलेजात टॅक्सचे दोन कोर्स केले, मग अभ्यास करून दीड वर्षात तिन्ही दिले.

आपल्या लोकांना याची किती गरज आहे! एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) एफडीचं व्याज भारतात करमुक्त, म्हणून इथं दाखवायचंच नाही असं समजणारे इंजिनिअर मी डझनांनी पाहिले. ते इथं करपात्र आहे. परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरावा लागतो, बापाबरोबरचं संयुक्त खातं असलं तरी. भारतातले म्युच्युअल फंड हा तर वेगळाच गुंता. इथल्या टॅक्सवाल्याला एफडी, पीपीएफ समजावताना दमछाक होते. पासबुक ओळखणारी आपली बाई असली तर लोक शोधत येतात. रानजाई, तू पतसंस्थेतली, तुला हे फार शोभेल.

कडुनिंब | १२ जुलै

कोयनाकाठ, माझी एनआरई एफडी आहे आणि मी ती दाखवलेली नाही. घाम फुटला. जुनी रिटर्न दुरुस्त करता येतात का?

कोयनाकाठ | १२ जुलै

येतात. घाबरू नका, पण पुढं ढकलूही नका. नोटीस यायच्या आधी आपण होऊन केलं तर वाटा असतात. कोणत्या वाटेनं जायचं ते तुमच्या कागदांवर ठरेल, ईए किंवा सीपीए गाठा. उघड धाग्यावर आकडे लिहू नका.

कडुनिंब | १२ जुलै

आभारी आहे. एआयनं हे मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. रानजाई, माझं आधीचं मत मी अर्धं मागे घेतो. मास्टर्सचं म्हणणं कायम, पण पहिला कोर्स कम्युनिटी कॉलेजात घ्यावा हे पटलं.

पर्वतीकर | १३ जुलै

विषयांतर करतो. बायको विचारते, तिकडं लिफो अजून चालतं हे खरं का? आमच्याकडे ते केव्हाच काढून टाकलं.

हिशोबनीस | १३ जुलै

खरं आहे. शेवटी आलेला माल आधी विकला असं धरायचं. महागाईत शेवटचा माल सर्वांत महाग, म्हणून विकलेल्या मालाचा खर्च जास्त, नफा कमी, टॅक्स कमी. आयएफआरएस (हिशोबाची आंतरराष्ट्रीय मानकं) आणि भारतीय मानकांत परवानगी नाही, अमेरिकेत आहे. पण टॅक्ससाठी लिफो धरलं तर भागधारकांना दाखवायच्या हिशोबातही तेच धरावं लागतं, तिथं नफा फुगवून दाखवता येत नाही. बायकोला सांगा, परीक्षेत हमखास येतं.

रानजाई | २४ ऑगस्ट

उशिरा लिहिते आहे. मूल्यांकनाचे कागद पाठवले, विद्यापीठातून मार्कशीट निघायला भावानं चार हेलपाटे घातले. निकाल यायचा आहे. तोपर्यंत फायनान्शियल अकाउंटिंगला नाव घातलं, सोमवार-बुधवार संध्याकाळ, प्रत्यक्ष वर्ग. ऑनलाइन घेतलं असतं तर मी घरकामात बुडाले असते हे मला माहीत आहे.

एक धक्का बसला. फी परवडली, पण पुस्तकाचा ऑनलाइन कोड फीच्या जवळपास महाग. हे काय आहे?

मोगरा_ऑस्टिन | २४ ऑगस्ट

ते कोडचं प्रकरण सगळीकडे आहे आणि मला त्याचा मनापासून राग आहे. गृहपाठच त्यात असतो, त्यामुळे जुनं पुस्तक घेऊन भागत नाही. पुढच्या वेळी नाव घालताना वेळापत्रकात 'झीरो टेक्स्टबुक कॉस्ट' अशी खूण असलेला वर्ग शोध. ओपनस्टॅक्सचं प्रिन्सिपल्स ऑफ अकाउंटिंग दोन भागांत फुकट आहे, पहिला भाग फायनान्शियलचा. तू ते वाचायला आजच उतरवून घे. आणि कोडला बहुधा दोन आठवडे फुकट वापरायची सोय असते, तेवढ्यात फायनान्शियल एडच्या ऑफिसात पुस्तकांसाठी मदत आहे का विचार.

रानजाई | १९ ऑक्टोबर

पहिली मिडटर्म झाली. १०० पैकी ८८.

आकडे बरोबर होते, गुण शब्दांवर गेले. 'अनअर्न्ड रेव्हेन्यू' वाचलं आणि 'रेव्हेन्यू' दिसलं म्हणून उत्पन्नात टाकलं. घरी येऊन वहीत बघितलं तर मीच लिहून ठेवलं होतं : आगाऊ मिळालेलं उत्पन्न, हे देणं. संस्थेत लॉकरचं भाडं आगाऊ यायचं तेव्हा मी ही नोंद दर वर्षी करत होते! 'आगाऊ' दिसलं असतं तर हात चुकला नसता.

वर्गात माझ्या शेजारी ट्रक चालवणारा एक मेक्सिकन माणूस बसतो, पन्नाशीचा. पहिल्या आठवड्यात त्याला डेबिट-क्रेडिट काही केल्या समजेना. मी त्याला रोजकीर्द काकांचं दोन घरांचं उदाहरण सांगितलं, जमेल तशा इंग्रजीत. आता तो दर वर्गाच्या आधी मला गाठतो. परवा सरांनी विचारलं, ट्युटरिंग सेंटरमध्ये काम करशील का, पुढच्या सेमिस्टरला, तासावर पगार. मी गाडीत बसून आईला फोन केला. तिकडं सकाळ होती.

मूल्यांकनही आलं. पदवी पूर्ण बॅचलर्स धरली आहे. हिशोबनीस, आता २४ युनिटचं गणित घालायला बसते, अडले तर विचारेन.

रोजकीर्द | १९ ऑक्टोबर

रानजाईबाई, आज दुपारी सौ.ला तुमची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली. दिवाळी उद्यावर आली आहे. वहीपूजनाच्या दिवशी तुमच्या त्या शब्दांच्या वहीलाही हळद-कुंकू लावा.

हिशोबनीस | १९ ऑक्टोबर

अभिनंदन! ट्युटरिंगचं काम घेच. दुसऱ्याला समजावताना तुझं इंटरमीडिएट (पुढच्या पातळीचं अकाउंटिंग) आपोआप तयार होईल. वसंतात अकाउंटिंगचा दुसरा भाग, म्हणजे मॅनेजेरियल, घे, त्यापुढं काही ठरवायच्या आधी मला लिही.

नाचणी | २० ऑक्टोबर

रानजाई, मी युनियन सिटीत राहते, तुझ्यापासून दहा मिनिटांवर. त्या रेसिडेन्सी क्लर्ककडून काम झालं माझं! जानेवारीत पहिल्या भागाला नाव घालते आहे. एकटीनं जायला धाकधूक वाटते. तुझ्याबरोबर येऊ का?

रानजाई | २० ऑक्टोबर

ये ना! माझा दुसरा भाग संध्याकाळीच असेल. तुझा वार जुळला तर साडेपाचला तुझ्या घरावरूनच निघू, पार्किंग परमिटही एकाच गाडीचं लागेल. साधा कॅल्क्युलेटर घेऊन ठेव, परीक्षेत फोन चालत नाही. माझी वही आहेच, तुला झेरॉक्स काढून देते.